व्हिसा आधी, दवाखाना नंतर

इंग्लंडमध्ये औषधपाणी फुकट असतं आणि अमेरिकेत आजारी पडलं की घर विकावं लागतं, या दोन वाक्यांत आपल्याकडची परदेशी आरोग्यसेवेची चर्चा साधारण आटोपते. दोन्हींत थोडंफार तथ्य आहे. पण नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा मुलाकडे सहा महिने राहायला म्हणून गेलेल्या माणसाच्या ती फारशी कामाची नाहीत, कारण ती त्या देशांच्या नागरिकांबद्दलची आहेत. परक्या माणसाला कोणता डॉक्टर मिळणार, किती दिवसांनी मिळणार आणि बिल कोण भरणार, हे बहुतेक वेळा त्याच्या व्हिसाच्या प्रकारावर ठरतं. आजाराचा विचार त्यानंतर. देशाची व्यवस्था उत्तम असली, तरी एका व्हिसावरून दुसऱ्यावर, एका नोकरीतून दुसरीत, एका देशातून दुसऱ्या देशात जाताना मध्ये जी फट राहते तिच्यात माणूस सापडतो. बाहेर गेलेल्या मराठी कुटुंबांच्या तक्रारी कान देऊन ऐकल्या, तर त्यांतल्या बऱ्याचशा या फटींच्याच असतात. डॉक्टर वाईट निघाल्याच्या क्वचितच.

त्याआधी एक चित्र डोक्यातून काढावं लागतं. आपल्याकडे सरकारी म्हणजे सिव्हिल हॉस्पिटलची रांग आणि खासगी म्हणजे पैसे मोजले की लगेच भेटणारा स्पेशालिस्ट, अशी सरळ विभागणी आहे. गुडघा दुखला की आपण ऑर्थोपेडिककडे जातो, छातीत जळजळलं की थेट कार्डिऑलॉजिस्टकडे. कोणाची चिठ्ठी लागत नाही. ही मुभा सगळीकडे नसते. शिवाय सरकारी आणि खासगी यांची सरमिसळ प्रत्येक देशात वेगळी. ब्रिटनमध्ये खासगी हॉस्पिटलात तपासणारा सर्जन आठवड्यातले बाकीचे दिवस बहुधा सरकारी सेवेतच असतो. नेदरलँड्समध्ये विमा कंपन्या खासगी, पण मूळ पॉलिसीत काय असावं ते सरकार ठरवतं. जर्मनीत अनेकदा डॉक्टर तोच, वेटिंग रूमही तीच, फक्त विम्याच्या प्रकाराप्रमाणे अपॉइंटमेंटची तारीख वेगळी. आखातात सरकारी हॉस्पिटलं चांगली आहेत, पण ती मुख्यतः तिथल्या नागरिकांसाठी.

गैरसमज सर्वांत जास्त ब्रिटनबद्दल आहेत, म्हणून तिथून सुरुवात करू. ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेली एनएचएस ही सेवा करांतून चालते आणि उपचाराच्या वेळी पैसे मागत नाही, हे खरं. पण सहा महिन्यांपेक्षा जास्त काळाच्या व्हिसावर येणाऱ्या परदेशी माणसाकडून २०१५ च्या एप्रिलपासून ‘हेल्थ सरचार्ज’ घेतला जातो. सुरुवातीला तो वर्षाला २०० पौंड होता. २०१९ मध्ये ४०० झाला, २०२० मध्ये ६२४, आणि ६ फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५ पौंड. विद्यार्थ्यांना आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना ७७६. हा हप्त्याहप्त्याने भरायचा नसतो, व्हिसाच्या अर्जाबरोबर सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा असतो. नवरा-बायको आणि दोन मुलं पाच वर्षांच्या व्हिसावर निघाली तर हिशेब १८,११० पौंडांवर जातो. म्हणजे विमानात बसण्याआधीच वीस लाख रुपयांच्या वर रक्कम गेली, आणि यात व्हिसाची फी धरलेली नाही. तिकडे गेल्यावर पगारातून कर आणि नॅशनल इन्शुरन्स कापला जातो तो निराळा. एकाच सेवेचे दोनदा पैसे घेतात ही तिथल्या भारतीयांची तक्रार आहे आणि ती मला रास्त वाटते. ‘हेल्थ अँड केअर’ व्हिसावर जाणाऱ्या डॉक्टर-नर्सना मात्र हा सरचार्ज माफ आहे. तेवढं शहाणपण २०२० च्या साथीने शिकवलं.

एवढे पैसे भरल्यावर मिळतं काय? घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवता येतं. ही नोंदणी मोफत आहे आणि खरं म्हणजे इंग्लंडमध्ये ती कोणालाही करता येते. पोचल्याच्या पहिल्याच आठवड्यात ती करून टाकावी. ताप आल्यावर नोंदणीला निघालेल्या माणसाची फार पंचाईत होते. जीपी साधारण दहा मिनिटं देतो. आपल्या सवयीप्रमाणे एकाच भेटीत पाठदुखी, केसगळती आणि झोप न येणं असं तीनही सांगायला गेलं, तर तो नम्रपणे एकच निवडायला सांगण्याची शक्यता बरीच. स्पेशालिस्टकडे जायला त्याची चिठ्ठी हवी. चिठ्ठी मिळाली की खरी प्रतीक्षा सुरू होते. अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा एनएचएसचा दंडक आहे आणि २०१६ नंतर तो एकदाही पाळला गेलेला नाही. इंग्लंडमधली प्रतीक्षायादी अलीकडच्या वर्षांत सत्तर लाखांच्या वर राहिली आहे.

इथे खासगी विमा कामाला येतो, पण फक्त काही वळणांवर. लंडनमधल्या मोठ्या कंपन्या आपल्या माणसांना खासगी विमा देतात. त्यावर एमआरआय आठवड्याभरात होतो, गुडघ्याची किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया महिन्याभरात होऊ शकते. मात्र मधुमेह, रक्तदाब, दमा असे कायमचे आजार, नेहमीचं बाळंतपण आणि तातडीची वेळ यांसाठी तो विमा सहसा उपयोगी पडत नाही. हार्ट अटॅक आला तर ब्रिटनमधला कोट्यधीशही ९९९ लावतो आणि सरकारी हॉस्पिटलातच जातो. मराठी घरांत मधुमेहाचं प्रमाण पाहता एक गोष्ट सांगायलाच हवी. इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड द्यावे लागतात, पण मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याला सवलतीचं प्रमाणपत्र मिळतं आणि मग त्याची सगळीच औषधं मोफत होतात, मधुमेहाशी संबंध नसलेलीसुद्धा. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये हा आकारच नाही. कित्येकजण हे माहीत नसल्यामुळे वर्षानुवर्षं पैसे भरत राहतात.

जर्मनीचं गणित वेगळं, आणि तिथला सापळा उलट बाजूचा. सक्तीचा आरोग्य विमा जगात पहिल्यांदा तिथे आला, १८८३ मध्ये, बिस्मार्कच्या काळात. आजही नोकरदार माणूस पगाराच्या १४.६ टक्के आणि वर विमासंस्थेची थोडी जास्तीची टक्केवारी भरतो. त्यातली निम्मी मालक देतो. कमाई नसलेली बायको किंवा नवरा आणि मुलं याच विम्यात बसतात, वेगळा पैसा न देता. पण ज्याचा वर्षाचा पगार ठरावीक मर्यादेच्या वर आहे (२०२५ साठी ती ७३,८०० युरो होती) त्याला ही सरकारी चौकट सोडून खासगी विमा घेता येतो. पुण्याहून गेलेला तिशीतला सॉफ्टवेअर इंजिनिअर इथे हमखास मोहात पडतो. तो निरोगी असतो, एकटा असतो, आणि खासगी विम्याचा हप्ता त्याच्या वयाला बराच स्वस्त पडतो. शिवाय स्पेशालिस्टची तारीख लवकर मिळते.

पुढची गोष्ट कोणी नीट समजावून सांगत नाही. खासगीत हप्ता माणशी असतो. लग्न झालं, बायको आली, मुलं झाली की प्रत्येकाचा वेगळा. वय वाढतं तसा हप्ता चढतो. परतीचा रस्ता मात्र अरुंद आहे. पगार मर्यादेखाली गेला तर सरकारी विम्यात परतता येतं, पण पंचावन्न वर्षं उलटली की ते दार जवळपास बंदच. त्यामुळे ज्याला पाच वर्षांत भारतात परतायचंय त्याच्यासाठी खासगी विमा कदाचित फायद्याचा, आणि ज्याला तिथे म्हातारं व्हायचंय त्याने तो शंभर वेळा विचार करून घ्यावा. गंमत अशी की बहुतेक मराठी माणसं जाताना पाच वर्षं म्हणतात आणि तिथेच म्हातारी होतात.

जर्मनीतली दुसरी फट सुरुवातीची आहे. नोकरी शोधण्यासाठीच्या व्हिसावर, किंवा जून २०२४ पासून सुरू झालेल्या ‘अपॉर्च्युनिटी कार्ड’वर जाणाऱ्याला सरकारी विमा मिळत नाही, कारण त्याला पगारच नाही. तो स्वस्तातला तात्पुरता विमा घेऊन जातो. त्या पॉलिसीत जुने आजार नसतात, दातांचं फारसं नसतं, आणि मुक्काम वाढवायची वेळ आली की परदेशी नागरिकांचं कार्यालय ती पॉलिसी अपुरी ठरवू शकतं. विद्यार्थ्यांना तीस वर्षांपर्यंत सवलतीचा सरकारी विमा मिळतो. एकतिसाव्या वर्षी पीएचडीला गेलेल्याला तो सहसा मिळत नाही, आणि हे त्याला बहुधा प्रवेश घेतल्यावर कळतं.

बाकी जर्मन डॉक्टर सर्दी-तापाला तीन दिवस विश्रांती आणि गरम चहा लिहून देतो, नेदरलँड्समधला पॅरासिटामॉल घ्या म्हणतो. अॅम्स्टरडॅम-आइंडहोव्हनकडच्या भारतीयांत या पॅरासिटामॉलवर इतके विनोद आहेत, की त्यांचं वेगळं संमेलन भरवता येईल. त्यात थोडा अन्याय आहे. अँटिबायोटिक जपून वापरणारे देश म्हणून हे दोन्ही ओळखले जातात, आणि मेडिकलमध्ये जाऊन ‘पाच दिवसांचा कोर्स द्या’ म्हणण्याची आपली पद्धत अभिमान बाळगण्यासारखी नाही. डच नियमातलं ध्यानात ठेवायचं ते एवढंच: तिथे काम सुरू केल्यापासून चार महिन्यांच्या आत मूळ विमा घ्यावा लागतो. उशिरा घेतला तरी पैसे पहिल्या दिवसापासूनचे लागतात, म्हणून टाळून काही वाचत नाही. कंपनीला जुना आजार दाखवून तुम्हाला नाकारता येत नाही. वर्षाला पहिले ३८५ युरो आपल्या खिशातून जातात, पण फॅमिली डॉक्टरची भेट त्यात धरत नाहीत.

अमेरिकेत विमा नोकरीला बांधलेला आहे, आणि त्याची मुळं दुसऱ्या महायुद्धात आहेत. १९४२ मध्ये सरकारने पगारवाढीवर बंधनं आणली, तेव्हा माणसं टिकवायला कंपन्यांनी आरोग्य विमा देऊ केला. पुढे १९५४ च्या करकायद्याने त्याला पक्की करसवलत दिली आणि तात्पुरता उपाय कायमचा झाला. एच-वन-बीवर असलेल्या माणसाच्या बाबतीत ही गाठ दुहेरी आहे, कारण त्याचा व्हिसाही त्याच नोकरीला बांधलेला असतो. नोकरी असेपर्यंत चित्र बरं असतं. डिडक्टिबल म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम, मग कोपे म्हणजे दर भेटीला द्यायची ठरावीक रक्कम, मग टक्केवारीतला वाटा, असे टप्पे पार करत वर्षाच्या कमाल खर्चाची मर्यादा येते. कायद्याने ती २०२५ साठी एका माणसाला ९,२०० डॉलर आणि कुटुंबाला १८,४०० डॉलर होती. अट एवढीच की डॉक्टर आणि हॉस्पिटल विमा कंपनीच्या नेटवर्कमधलं हवं. वर्षाच्या मध्यावर नोकरी बदलली तर नव्या कंपनीच्या पॉलिसीत हे मीटर बहुधा पुन्हा शून्यापासून सुरू होतं. म्हणून ज्यांची मोठी शस्त्रक्रिया ठरलेली आहे, ते नव्या कंपनीची ऑफर हातात असूनही डिसेंबरपर्यंत थांबलेले दिसतात.

नोकरी गेली तर दोन घड्याळं एकदम सुरू होतात आणि दोन्ही साठ दिवसांची आहेत. एक व्हिसाचं: एच-वन-बीवाल्याला नवा मालक शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त साठ दिवस. दुसरं विम्याचं. कंपनीचा विमा शेवटच्या दिवशी किंवा त्या महिन्याच्या अखेरीस संपतो. कोब्रा नावाच्या कायद्याने तोच विमा अठरा महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, पण मालकाचा वाटाही आता आपणच भरायचा, वर दोन टक्के. चार जणांच्या कुटुंबाला हा आकडा पाहून घाम फुटतो. तरी यात एक सोय आहे जी घाईत लक्षात येत नाही. कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला साठ दिवस मिळतात, आणि मुदतीत घेतला तर तो मागच्या तारखेपासून लागू होतो. मधल्या काळात काही झालं नाही तर हप्ता वाचला, काही झालंच तर मुदत संपायच्या आत मागचे सगळे हप्ते भरून विमा जिवंत करता येतो. दुसरा मार्ग ओबामांच्या काळात सुरू झालेल्या विमा-बाजारातून पॉलिसी घेण्याचा. विमा सुटल्यापासून साठ दिवस ते दारही उघडं असतं आणि एच-वन-बीवाल्यालाही तिथे पॉलिसी घेता येते. काहीजण या धांदलीत विमा सोडून देतात. धडधाकट तरुणाला तो धोका लहान वाटतो, पण हाच काळ ताणाचा असतो, आणि दुखणी अशाच वेळी डोकं वर काढतात.

अमेरिकेच्या बाजूनेही दोन शब्द बोलायला हवेत. १९८६ च्या कायद्याप्रमाणे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात आलेल्या कोणालाही तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. कागद आणि पैसे नंतर. १ जानेवारी २०२२ पासून, विमा असलेल्या रुग्णाला तातडीच्या वेळी नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरचं अवाच्या सवा बिल लावायला बंदी आहे. रस्त्यावरची अॅम्ब्युलन्स मात्र या बंदीतून सुटली, आणि तिचं बिल अजूनही बोलकं असतं. बिल आलं की लगेच भरून टाकणं हा आपला मध्यमवर्गीय प्रामाणिकपणा तिथे महागात जातो. आधी तपशीलवार बिल मागावं. ना-नफा तत्त्वावरच्या हॉस्पिटलांना गरजूंसाठी लेखी मदतधोरण ठेवावंच लागतं, तेव्हा त्याबद्दल विचारावं. विचारण्यात लाज नाही, तिथले लोकही विचारतात.

आखाताची गोष्ट या सगळ्यांच्या आधीची आहे. रत्नागिरी-रायगडातली माणसं दुबई-कुवेतला जात होती तेव्हा अमेरिकेतल्या सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या जन्मालाही आल्या नव्हत्या. तिथे आरोग्य तपासणी ही प्रवासाची पहिली पायरी आहे. मुंबईतल्या मान्यताप्राप्त केंद्रात क्षयरोग, एचआयव्ही, कावीळ यांच्या चाचण्या होतात आणि कागदावर ‘अनफिट’ आलं की एजंटला दिलेले पैसे बुडाल्यात जमा. तिकडे पोचल्यावर पुन्हा चाचणी. म्हणजे ज्याला उपचाराची खरी गरज आहे त्याला ही व्यवस्था दारातूनच परत पाठवते. आत गेलेल्याला मात्र विमा सक्तीचा होत गेला आहे. अबुधाबीने २००५ च्या कायद्याने सुरुवात केली, दुबईने २०१३ चा अकरा नंबरचा कायदा टप्प्याटप्प्याने लागू केला, आणि १ जानेवारी २०२५ पासून शारजा, अजमान, फुजैरा अशा उरलेल्या अमिरातींतही खासगी नोकरदारांना आणि घरकामगारांना विम्याशिवाय व्हिसा मिळत नाही. त्यासाठी ठरवून दिलेलं स्वस्त पॅकेज वर्षाला ३२० दिरहमचं आहे आणि ते मालकाने भरायचं.

दुबईत कामगाराचा विमा मालकावर आहे, पण बायकामुलांचा ज्याने त्यांना आणलं त्याच्यावर. विम्यातही पगारानुसार पंगती आहेत. महिना ४,००० दिरहमखालच्या माणसासाठीच्या मूळ पॉलिसीत ठरावीक दवाखाने, ठरावीक औषधं आणि जुन्या आजारांसाठी सहा महिन्यांची प्रतीक्षा. मॅनेजरच्या पॉलिसीत हॉटेलसारखी हॉस्पिटलं. दोघं एकाच कंपनीत असतात. भाषेची अडचण मात्र तिथे सर्वांत कमी, कारण निम्मेअधिक डॉक्टर-नर्स आपल्याकडचेच वाटावेत असं वातावरण असतं. शारजातलं झुलेखा हॉस्पिटल १९९२ मध्ये ज्यांनी उभं केलं त्या डॉ. झुलेखा दाऊद मूळ नागपूरच्या. १९६४ मध्ये त्या अमिरातीत गेल्या तेव्हा तिथे धड रस्तेही नव्हते.

नोकरी सुटली, व्हिसा रद्द झाला, की विमाही जातो. डायलिसिसवर आलेला किंवा कॅन्सर निघालेला कामगार आखातात फार दिवस राहत नाही, तो गावी परततो आणि उरलेला खर्च घरच्यांच्या आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या गळ्यात पडतो. भारत सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना ईसीआर शिक्क्याच्या, म्हणजे परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरी लागणाऱ्या, पासपोर्टवर जाणाऱ्या कामगारांना सक्तीची आहे. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख मिळतात. पण कामगार खचतो तो बहुधा आजाराने, आणि दहा लाखांची ती रक्कम आजाराला लागू नाही. योजना वाईट नाही, पण तिचं नाव ऐकून जी समजूत होते ती चुकीची आहे.

उरलेल्या देशांत थोडक्यात फिरून येऊ. सिंगापूरची मेडिसेव्ह आणि मेडिशील्ड ही बचतीवर आधारलेली व्यवस्था जगभर नावाजलेली, पण ती नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी. वर्क परमिट आणि एस पासवरच्या माणसांचा विमा मालकाने काढायचा, १ जुलै २०२३ पासून वर्षाला किमान ६०,००० सिंगापूर डॉलरचा. त्याहून वरच्या पदावर एम्प्लॉयमेंट पासने गेलेल्यांसाठी मात्र असं कायदेशीर बंधन नाही, आणि कित्येक अधिकारी हे ऑफर लेटर सही करून झाल्यावर वाचतात. ऑस्ट्रेलियाचे अकरा देशांशी परस्पर करार आहेत, त्यांत भारत नाही. म्हणून तात्पुरत्या व्हिसावरच्या मराठी कुटुंबाला खासगी पॉलिसीच घ्यावी लागते, आणि खासगी हॉस्पिटलच्या पॉलिसीत बाळंतपणासाठी बारा महिने थांबावं लागू शकतं. पाळणा हलवायचा बेत असेल तर पॉलिसी आधी घ्यावी, एवढा साधा हिशेब. कॅनडात प्रांतागणिक नियम बदलतात. ऑन्टारिओने नव्याने आलेल्यांची तीन महिन्यांची प्रतीक्षा २०२० मध्ये काढून टाकली, ब्रिटिश कोलंबियाने ठेवली. मेडिकलमधली औषधं आणि दात यांचा खर्च बहुतेकांना वेगळ्या विम्यावरच भागवावा लागतो. जपान मात्र मराठी सवयीला सर्वांत जवळचा. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याला सार्वजनिक विमा सक्तीचा, खर्चाचे तीस टक्के आपले, आणि कातडीच्या डॉक्टरकडे थेट जायला कोणी अडवत नाही. तिथे अडतं ते बोलण्यापाशी.

दातांबद्दल वेगळं सांगायची गरज नाही. लंडन, न्यू जर्सी, सिडनी कुठलीही घ्या, डिसेंबरच्या सुट्टीत पुण्या-नाशिकच्या डेंटिस्टकडे रूट कॅनॉलला बसलेली एनआरआय मंडळी हे सगळ्या व्यवस्थांवरचं एकमताचं मत आहे.

सर्वांत कठीण जागा आईबाबांची. मुलाच्या आरोग्यसेवेत त्यांना जवळजवळ कुठेच शिरकाव नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, म्हणून तो निदान काढला तरी जातो. कॅनडाच्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षं राहता येतं, पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरची आरोग्य पॉलिसी दाखवावी लागते आणि सत्तरीतल्या मधुमेही माणसाला तिचा हप्ता जड जातो. ब्रिटनमध्ये पाहुण्या म्हणून आलेल्या सासूबाईंनी सरचार्ज भरलेला नसतो. ए अँड ई म्हणजे तातडीच्या विभागातले उपचार त्यांना मोफत मिळतील, पण तिथून वॉर्डात ॲडमिट केलं की खर्चाच्या दीडपट बिल लागतं. पाचशे पौंडांहून अधिक बिल दोन महिने थकलं तर ते गृहखात्याला कळवलं जातं आणि पुढचा व्हिसा अडू शकतो. अमेरिका पाहुण्यांना विम्याची सक्ती करत नाही, आणि म्हणूनच तिथे सर्वांत जास्त जपावं लागतं. प्रवास विम्याच्या जाहिरातीत ‘जुन्या आजाराचा अचानक भडका’ सामील असल्याचं मोठ्या अक्षरांत असतं, वयाची मर्यादा बारीक अक्षरांत. बायपास झालेल्या बाबांना छातीत दुखलं तर तो भडका की जुनाच आजार, हे ठरवणारा माणूस विमा कंपनीचा असतो.

अमेरिकेत मुलगा नागरिक झाला आणि आईबाबांना ग्रीन कार्ड मिळालं तरी मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी विमा लगेच मिळत नाही, पाच वर्षं सलग राहिल्यावर पैसे भरून घेता येतो. जर्मनीने तर गंमतच केली आहे. १ मार्च २०२४ नंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडिलांना राहायला आणण्याची मुभा कायद्याने दिली. अटींतली एक आरोग्य विम्याची. सरकारी विमा त्यांना घेत नाही, आणि सत्तरीच्या माणसाला खासगी कंपनी घेतलीच तर परवडणाऱ्या हप्त्यात घेत नाही. दार उघडलं आणि उंबरठा खांद्याएवढा ठेवला.

म्हणून आईबाबांच्या बॅगेत तीन महिन्यांच्या गोळ्या भरल्या जातात. त्यात गैर काही नाही, फक्त डॉक्टरची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत हवी आणि तीत ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव हवं, कारण मिरजेतल्या गोळीचं नाव टोरांटोच्या फार्मासिस्टला कळत नाही. अमिरातीत कोडिन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉल विनापरवाना नेलं तर थेट पोलिसांशी गाठ पडते. तिथे खसखससुद्धा बंद आहे, तेव्हा अनारसे नेणाऱ्यांनीही जपावं.

शेवटची फट परतीची, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. परदेशात वीस वर्षं उत्तम विमा असला तरी भारतातल्या कंपनीच्या लेखी त्याचं वजन शून्य. पॉलिसी एका कंपनीतून दुसरीत नेण्याची सोय भारतातल्या कंपन्यांपुरती आहे. पंचावन्नाव्या वर्षी ठाण्याला परतलेला माणूस इथे नवा ग्राहक असतो. त्याच्या जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ लागतो. विमा नियामकाने २०२४ मध्ये तो कमाल चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला, आणि नव्या पॉलिसीसाठी असलेली पासष्ट वर्षांची वयोमर्यादाही काढून टाकली. पण स्टेंट बसलेल्या माणसाला पॉलिसी द्यायची की नाही, हे अजून कंपनीच ठरवते. त्यामुळे जाणत्या घरांत बाहेर असतानाच इथली एक मध्यम रकमेची पॉलिसी चालू ठेवतात. ती तिकडच्या उपचाराला सहसा लागू नसते आणि हप्ता दरवर्षी वाया गेल्यासारखा वाटतो, पण प्रतीक्षाकाळ तोवर सरून जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे. आणि निघण्याआधी तिकडच्या डॉक्टरकडून आपली सगळी फाईल मागून घ्यावी. ब्रिटनमध्ये आणि युरोपात तो कायद्याने मिळालेला हक्क आहे. इथल्या प्रपोजल फॉर्मवर मागच्या आजारांचा रकाना भरताना ती लागते, आणि तो रकाना कोरा ठेवल्याचं पुढे क्लेमच्या वेळी निघालं तर पाच वर्षांच्या आत पॉलिसीच रद्द होऊ शकते.